बोरगावची भिंत जांबोटीला नेली त्याची गोष्ट

आमच्या बेळगावच्या शहापुरातले लोक मे महिन्यात कोण गोव्याला जातात, कोण महाबळेश्वरला, आणि ज्यांची मुलं बंगळुरात नोकरीला आहेत ते मुलांच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसतात. मी यंदा बोरगावला गेलो आणि तिथून जांबोटीला आलो. नकाशात बघाल तर हा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, त्याचं कौतुक सांगत बसण्यासारखं काही नाही. पण माझ्याबरोबर एक पस्तीस फूट उंच भिंत प्रवासाला होती. भिंतीबरोबर प्रवास केलेला माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही, म्हणून लिहून ठेवतो.

ही घराची भिंत नव्हे. लोखंडी सांगाडा असतो, त्यावर फायबरचे तक्ते बसवलेले असतात आणि तक्त्यांवर हाता-पायाला धरायला रंगीत खुंट्या असतात. कमरेला दोर बांधून माणसानं त्यावरून चढायचं, वर टांगलेली घंटा वाजवायची आणि खाली यायचं. वर काही ठेवलेलं नसतं. मी आक्काला विचारलं, मग चढायचं कशाला? ती म्हणाली, "तू दिवसभर गादीवर बसतोस ते कशाला?" माझं साडीचं दुकान आहे, गादीवर बसल्याशिवाय ते चालत नाही, पण हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जांबोटीच्या पुढं रानात एक हायस्कूल आहे, तिथं ती तीस वर्षं पी.टी. शिकवत होती. आठ-दहा वर्षांमागे ती चार मुली घेऊन जिल्ह्याला अशा भिंतीच्या स्पर्धेला गेली होती. फणसाच्या शेंड्यावर अनवाणी जाणाऱ्या त्या पोरी भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि एकीनं विचारलं, "बाई, हिला फांद्या कुठं हाईत?" चौघी हात हलवत परत आल्या. ते आक्काच्या मनाला फार लागलं. मे अखेरीला ती निवृत्त होणार होती आणि त्याआधी शाळेत भिंत उभी करायची असं तिनं ठरवलं. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. हेडसरांनी परवानगी दिली, पण अट घातली की बाई नोकरीत आहेत तोवर भिंत उभी राहून वापरात आली तर ठीक, नाहीतर त्या जागेवर सायकल स्टँड होईल.

एप्रिलच्या शेवटी आक्काचा फोन आला. "बाळू, बोरगावात भिंत मिळतीया. उद्या गाडी घिऊन ये." मला चौपन्नावं लागलंय, पण आक्काच्या लेखी मी बाळूच आहे.

बोरगाव

निपाणी जवळ आली की पाटी वाचावी लागत नाही, नाकाला आधी कळतं. वखारींतून तंबाखूचा वास येतो आणि नवख्या माणसाला दोन शिंका तरी येतातच. मला नऊ आल्या. बोरगावच्या अलीकडं आप्पांचं शेत. आप्पा तंबाखूचे व्यापारी, सत्तरीचे, अंगानं भरलेले, डोक्याला पांढरी टोपी. चार वर्षांमागे त्यांनी शेताच्या कडेला साहसी खेळांची बाग काढली होती. त्यात एक तळं होतं, एक उंट होता आणि ही भिंत.

"उंट कुठं गेला?" मी विचारलं.

"त्याला हितलं पाणी मानवलं न्हाई," आप्पा म्हणाले. "तळ्यात पाणी ठरलं न्हाई. ऱ्हायली ही."

भिंत उभी होती हे खरं, पण तिच्या पाठीमागच्या सावलीत आप्पांनी तंबाखूची पोती थप्पी लावून ठेवली होती. आक्कानं खालची एक खुंटी धरून हलवली तेव्हा भोकातून भुकटी उडाली आणि आम्ही तिघंही शिंकायला लागलो.

आक्कानं डोळे पुसत विचारलं, "वापर किती झालाय?"

"सा माणसं चढली."

"रोज?"

"चार वर्सांत. लोक ऐतवारी येत, भेळ खात, दुसरं कोण चढतंय काय बघत. सगळीच बघायला आलेली. त्या सा जणांतली दोघं आपली आपण उतरली. चौघांस्नी शिडी लावून खाली घेतलं."

एवढं बोलून आप्पा भिंतीकडं बघत राहिले. विकायची वस्तू असली की आमच्या धंद्यात माणूस गिऱ्हाइकाकडं बघतो. आप्पा भिंतीकडंच बघत होते, तेव्हा मला त्यांचं वाईट वाटलं. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलंच नाही. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा, वर दह्याची कवडी आणि कांदा बुक्कीनं फोडून. आमच्या बेळगावात पाहुण्याला आधी गोड वाढतात. इथं आधी खर्डा वाढला आणि मी पाणी मागितल्यावर आप्पांच्या घरातले सगळे समाधानानं हसले. बेळगावचा कुंदा मी नेला होता, तो मग कामाला आला. व्यवहार पानावरच ठरला. घंटा मात्र आप्पांनी दिली नाही. ती त्यांनी देवळाला देऊन टाकली होती, आणि देवाकडून परत कशी मागायची हा त्यांचा सवाल बरोबर होता.

आता प्रश्न होता हलवायची कशी. ज्या कंपनीनं ती उभारली होती तिचा फोन लागत नव्हता. आक्का माझ्याकडं बघायला लागली, आणि इथं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाईची शिफारस केली. म्हणालो, "वडगावचा रामाण्णा हाय की."

जांबोटी, पाया घालताना

रामाण्णा माग हलवतो. वडगाव-शहापुरात कुणी घर बदललं, भावाभावांत वाटणी झाली, की यंत्रमाग या घरातून त्या घरात न्यायला रामाण्णाला बोलावतात. माग सुटा करायचा, न्यायचा आणि जुळवून पुन्हा कापड काढून दाखवायचं, एवढं झाल्यावर तो चहा पितो, आधी नाही. त्याच्याबरोबर त्याचे दोन मेहुणे असतात. तिघं मिळून दिवसाला वीसेक शब्द बोलत असतील. मी त्याला भिंतीचा फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मागच हाय. उभा हाय एवढंच." त्यानं बोरगावला जाऊन दोरीनं मापं घेतली आणि आधी पाया घालायला जांबोटीला आला.

आक्का तेव्हा तीन आठवड्यांसाठी बदामीला गेली होती. चढणाऱ्याचा दोर खालून कसा धरायचा याचं रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय भिंतीला कुणाला हात लावू देणार नाही, असं तिनंच ठरवलं होतं. त्यामुळं पायावर देखरेख माझ्याकडं आली. मी ती आंब्याखालच्या बाकावर बसून केली. शाळेचा शिपाई दत्तू घरून डबा आणायचा, त्यात ओल्या काजूची उसळ, नाचणीची भाकरी आणि आमसुलाची कढी. ओले काजू आमच्याकडं विकत आणून मोजून घालतात, इथं उसळीत काजूच असतात आणि खोबरं लावायला म्हणून. एवढ्या भांडवलावर माणसाची देखरेख कितीशी होणार.

जागा सांगतो, कारण पुढचं सगळं जागेवरून झालं. शाळेचं मैदान पश्चिमेला. मैदानाच्या पूर्वेच्या कडेला भिंत उभी राहणार. तिथून चार हातांवर बांध, आणि बांधापलीकडं गंगाक्काचं भातशेत. गंगाक्का पासष्टीची, एकटी, दोन म्हशी आणि एक कौलारू घर बाळगून असलेली बाई. तिचं आणि आक्काचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. ऐन लावणीच्या दिवसांत शाळेचा चेंडू तिच्या रोपांत गेला आणि तो आणायला अकरा पोरी रोपं तुडवत गेल्या, तेव्हापासून. त्यानंतर जी वस्तू तिच्या शेतात पडली ती परत आली नाही. आक्का त्या शेताला बँक म्हणायची.

रामाण्णानं जागेवर उभं राहून दत्तूला विचारलं, "पाऊस कुठनं येतोय हितं?"

दत्तूनं गोव्याकडच्या डोंगरांकडं बोट केलं. रामाण्णा मान हलवून पायाच्या आखणीचे खुंट ठोकायला गेला. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं आणि दुसरी भाकरी घेतली. काँक्रीटचे चार ठोकळे झाले, त्यातून बोल्ट वर आले. ते कुठल्या बाजूनं बघितलं तरी सारखेच दिसत होते.

पुन्हा बोरगाव

पाया वीस दिवस मुरला, मग भिंत सोडायला गेलो, त्याला दोन दिवस लागले. रामाण्णा पाठीमागून सुरुवात करायचा, कारण मागाला हात लावायचा तो मागूनच. प्रत्येक तक्त्याच्या चारी कोपऱ्यांना तो साडीच्या सुताचे दोरे बांधत होता. कुठं लाल दोऱ्याला दोन गाठी, कुठं पिवळ्याला तीन. शेजारी बसणाऱ्या तक्त्याच्या कोपऱ्याला तसाच दोरा, तेवढ्याच गाठी.

"आकडं लिहिलं असतं तर?" मी म्हटलं.

"आकडा पुसतो," रामाण्णा म्हणाला. "गाठ ऱ्हाती."

बेचाळीस तक्ते खाली आले तेव्हा ती भिंत नटलेली दिसत होती. तंबाखूची भुकटी एवढी निघाली की मोठा मेहुणा सांगाड्यावर चढून बोल्ट सोडताना शिंकला आणि पाना थेट आप्पांच्या पायाशी येऊन पडला. आप्पा जागचे हलले नाहीत. तक्ते ट्रकात चढले, मध्ये गोणपाट घातलं, आणि शेतात चार भोकं तेवढी उरली. आप्पा आक्काला म्हणाले, "बाई, किती चढली तेवढं कळवत जावा. माझं सा माणसांच्या फुडं जाऊ द्या." आक्का बदामीहून आदल्या दिवशीच परतली होती, हातांना दोराचे फोड होते. तिनं तेच हात जोडले.

कणकुंबी, जायचं नव्हतं तरी

आक्का माझी गाडी चालवत रामाण्णाला घेऊन पुढं गेली. ट्रकात मालाबरोबर घरचं माणूस पाहिजे, म्हणून मी. ड्रायव्हर बसवराज मूळचा गोकाकचा, मराठी समजणारा आणि कन्नडात उत्तर देणारा. आमच्याकडं असं संभाषण तासभर चालतं आणि कुणाला काही वाटत नाही. संकेश्वरला इडली-वडा झाला, बेळगावात जेवण झालं. मी खुशाल झोपलो.

जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंनी गर्द झाडी आणि हवा गार. मी विचारलं, जांबोटी आली का? बसवराजनं शांतपणे सांगितलं की जांबोटी अर्ध्या तासामागे गेली, हे कणकुंबी. तो रोज भाजी घेऊन गोव्याला जातो. त्याच्या हाताला हा रस्ता गोव्याचाच माहीत होता आणि मध्ये थांबायचं सांगणारा माणूस घोरत होता.

गाडी वळवायची तर पुढं एका नाक्यावर थांबवलं. तिथल्या माणसानं विचारलं, "काय माल?"

"भिंत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ट्रककडं. "भिंत कुठं गाडीतनं जाते?"

मी चढायची भिंत म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, वर काय असतं? काही नसतं म्हटलं. त्याचा संशय वाढला. दोऱ्यांनी सजवलेले तक्ते बघून त्याला काहीतरी देवकार्य वाटलं असावं, कारण त्यानं आधी चपला काढल्या आणि मग वर चढून एका भोकात बोट घातलं. सात शिंका आल्यावर तो खाली उतरला आणि न बोलता हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. आम्ही गाडी वळवून जांबोटीला पोचलो तेव्हा आक्का फाट्यावर उभी होती. ती मला ओलांडून ट्रककडं गेली. बसवराजला विचारलं, "गोव्यात म्हापशाच्या बाजाराला भाव काय हाय भिंतीचा?"

जांबोटी, भिंत उभी राहिली तेव्हा

चार दिवसांत रामाण्णानं भिंत उभी केली. लाल दोऱ्याला लाल मिळाला, पिवळ्याला पिवळा, एक बोल्ट उरला नाही. मी आंब्याखालच्या बाकावरून बघत मनात म्हणत होतो, शिफारस कुणाची आहे. आक्का त्या दिवसांत तालुक्याला निवृत्तीच्या कागदांमागं फिरत होती, संध्याकाळी येऊन दुरून सांगाडा बघायची आणि झोपायची. चौथ्या दिवशी ती सकाळी मैदानावर आली, भिंतीपुढं उभी राहिली आणि एका खांबावरून हात फिरवला.

"बाळू," ती म्हणाली, "खुंट्या कुठं हाईत?"

खुंट्या पलीकडून होत्या. मैदानाकडं सगळे लोखंडी खांब, आडव्या पट्ट्या, बोल्टांची डोकी. भिंतीनं शाळेकडं पाठ केली होती आणि तोंड गंगाक्काच्या शेताकडं.

रामाण्णाला हाक मारली. त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पाऊस पश्चिमेचा," तो म्हणाला. "मागाचं तोंड पावसाकडं कोण करत न्हाई. सुताचा ताणा भिजतो."

"अण्णा, हिला ताणा कुठाय?" मी विचारलं.

"नसंना. रीत ती रीत."

वडगावात हे कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून त्यानंही विचारलं नव्हतं, आणि वडगावचं मला माहीत असून मीही सांगितलं नव्हतं. आक्काचा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर आहे, तो बोल्ट तपासायला आला होता. त्यानं सगळं बघून पसंतीची सही केली, आणि वर म्हणाला की बाई, तोंड पश्चिमेला असतं तर इथल्या पावसानं चार वर्षांत हिचं वाटोळं केलं असतं. फिरवायचं म्हटलं तर पाया फोडून नवा घालायचा, तो मुरायला निदान वीस दिवस. आक्काच्या नोकरीचे उरले होते चार.

आक्का बांधावर जाऊन बसली. माझ्या बहिणीला मी कधी रडताना बघितलेलं नाही, त्या दिवशीही बघितलं नाही. पण ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, तेच करत राहिली. मला फार अपराधी वाटलं. एका भाकरीपायी तीस वर्षांचं काम बिघडलं होतं.

गंगाक्काचं अंगण

दुपारी आक्का उठली आणि म्हणाली, "चल. कुंदा हाय काय?" एक डबा उरला होता.

गंगाक्काच्या अंगणात दोन मेढींवर आडवा टाकलेला दांडा होता आणि त्यावर लुगडी वाळत होती. आक्का त्या दांड्यापुढं थबकली. तो भाला होता. शाळेचा, अॅथलेटिक्सचा, पातं अजून चकाकत होतं.

"या बाई," गंगाक्का आतून म्हणाली. "वीस वर्सांनी वाट घावली."

आक्का बसली नाही. "भिंतीचं तोंड तुझ्याकडं झालंया."

"बगतोय की चार दिवस. म्या म्हटलं, माझ्यासाठीच उबी केलीसा."

"चढायचं तर तुझ्या शेतात उभं ऱ्हावं लागतंय."

"मग फिरवा की."

"फिरत न्हाई. वीस दिवस लागत्यात. माझं चारच हाईत."

गंगाक्कानं कुंद्याच्या डब्याकडं बघितलं, मग आक्काकडं. "म्हंजे मागायला आलाईसा."

आक्कानं आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं नाही. ती सांगते, आणि माणसं करतात. वडिलांकडंसुद्धा तिनं शाळेची फी मागितली नव्हती, 'उद्या भरायची हाय' एवढंच सांगितलं होतं. ती थोडा वेळ त्या भाल्याकडं बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "मागायला आलोय."

गंगाक्कानं मग आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. म्हणाली, "रोहिणी लागली. रान कोरडं हाय तवर मला धूळपेरणी करायची. पेरल्यावर एक पाय पडू देणार न्हाई, आदीच सांगतो."

"भात कवा काढतीस?"

"दिवाळीच्या मागं-फुडं."

"आन् पाऊस?"

"दसऱ्याबिगर उघडत न्हाई."

दोघींनी एकदमच बांधाकडं बघितलं. मग आक्का सावकाश म्हणाली, "पावसात भिंतीवर कोण चढत न्हाई. निसरडं हुतंय."

"मग तुमची भिंत आन् माझं भात," गंगाक्का म्हणाली, "एका वक्ताला कामाला येतच न्हाई की."

मला हे दोघींच्या आधी कळायला हवं होतं, पण मी कुंद्याचा डबा उघडण्यात होतो.

"फकस्त एकतीस तारीख," आक्का म्हणाली. "त्या दिवशी चढाय पायजे. तवर पेरू नगं."

हे मागणं लहान नव्हतं. मध्येच वळीव झाला तर रान चिखलतं, धूळपेरणी हुकते आणि मग रोपं लावायला मजूर शोधत हिंडावं लागतं. गंगाक्कानं बाहेर येऊन डोंगराकडं बघितलं. "बगतो," एवढंच म्हणाली. कुंदा मात्र तिनं ठेवून घेतला.

एकतीस तारीख

तीन दिवस मी आणि आक्का आभाळाकडं बघत होतो. ढग यायचे आणि न पडता जायचे. रोज सकाळी आक्का भिंतीमागून डोकावून बघायची की शेतात पेरणीची कुरी फिरली का. एकतीसला सकाळी रान तसंच होतं, कोरडं, ढेकळं फोडून तयार केलेलं, बी न टाकलेलं. आक्का मला म्हणाली, "थांबली रं बाई." मग तोंड धुवायला म्हणून गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

निरोप समारंभ मैदानात होता. खुर्च्या भिंतीच्या पाठीकडं तोंड करून मांडल्या होत्या, त्यामुळं पाहुण्यांनी दोन तास बोल्ट बघितले. हेडसरांचं भाषण झालं. आक्काला बोलायला सांगितलं तेव्हा ती उठली, स्वतःची खुर्ची उचलली आणि भिंतीला वळसा घालून शेतात निघाली. पोरं क्षणभर थांबली, मग आपापल्या सतरंज्या घेऊन मागं पळाली. हेडसर आपली खुर्ची दत्तूकडं देऊन ढेकळांतून जपून येत होते.

गंगाक्का आधीच बांधावर उभी होती. शेजारी एक पोतं होतं. आक्का जवळ गेल्यावर तिनं ते ओतलं. चेंडू होते. रबरी, टेनिसचे, व्हॉलीबॉलचे चपटलेले, एक फुटबॉल, रिंगा, रिले शर्यतीची काठी, आणि एक लोखंडी गोळा.

"गोळा मिरची कुटाय बरा पडला," ती म्हणाली. "थाळी रांजणावर झाकाय हाय, ती उद्या देतो. भाला मागू नगासा, लुगडी कशावर घालू?"

पोरं ओरडायला लागली. आक्कानं एक टेनिसचा चेंडू उचलला, त्यावर तिच्याच अक्षरात शाळेचं नाव होतं. तो तिनं कमरेला खोचला. मग ती कमरेचा पट्टा बांधायला लागली, कारण पहिली तीच चढणार हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

खालून दोर धरायला तिनं मला शिकवून ठेवलं होतं. दोर माझ्या कमरेच्या कडीतून गेलेला, हात कुठं ठेवायचा तेही पाठ. पण तिनं पहिल्या खुंटीवर पाय दिला आणि मी दोर साडीच्या घडीसारखा दोन्ही हातांवर घेतला. गंगाक्का माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि दोराचं उरलेलं टोक तिनं मनगटाला वेढा देऊन धरलं.

"तुजं हात दुकानाचं," ती म्हणाली. "म्या रेडा धरलाय. चढ गं तू."

वीस वर्षांत पहिल्यांदा ती आक्काला 'तू' म्हणाली. आक्का चढत गेली. साठाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर शाळेचा स्वेटर घालून, मधे दोनदा थांबून, एकदा तंबाखूची शिंक देऊन. त्या शिंकेला मी दोर असा आवळला की गंगाक्काही पुढं ओढली गेली, पण सोडला आम्ही कुणी नाही. आप्पांच्या सहा माणसांनंतर ती सातवी. वर शाळेची जुनी पितळी घंटा टांगली होती. विजेची घंटी आल्यापासून ती कपाटात पडून होती. आक्कानं ती वाजवली, आणि पूर्वी रोज शाळा सुटताना ऐकलेला तो टोल ऐकून दत्तू सवयीनं फाटक उघडायला पळाला.

आक्का लगेच खाली आली नाही. भिंतीच्या माथ्यावर हनुवटी टेकून तिनं एकदा पलीकडचं रिकामं मैदान बघितलं, मग वळून अलीकडचं शेत, शेतात बसलेली पोरं, गंगाक्काचं घर. तिथून सगळंच दिसत असणार.

"गंगाक्का," ती वरून म्हणाली, "तुझ्या कौलावर अजून तीन चेंडू हाईत गं."

गंगाक्कानं वर बघितलं नाही. दोरावरची पकडही ढिली केली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ देत तितंच. नवीन बाई ईल, तिला कायतर निमित्त नगं का माझ्याकडं यायला?"